हेकरूच्या मांसातले पांढरे दोरे

प्रश्न : मालवणहून मोठा हेकरू (ग्रुपर मासा) आणला. तुकड्या करताना शेपटीकडच्या मांसात तांदळाएवढ्या पांढऱ्या गाठी आणि त्यांना लांब दोऱ्यासारखी शेपटी दिसली. सासूबाईंनी अख्खा मासा मांजरांना घातला. खाल्ला असता तर काय झालं असतं?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : काही नाही. मांजरांची मात्र चैन झाली! वर्णनावरून ही ट्रिपॅनोरिंक गटातल्या पट्टकृमीची (टेपवर्मची) अळी आहे. खडकांत, प्रवाळांत राहणाऱ्या हेकरूंमध्ये ती नेहमी सापडते. तिला पुढे जायचं असतं ते मोरीच्या (शार्कच्या) नाहीतर पाकटाच्या (स्टिंगरेच्या) आतड्यात. तिथेच ती मोठी होते. नीट शिजलेल्या कालवणातून ती तुमच्या पोटात घर करणार नाही. असल्या गाठी सुरीच्या टोकाने काढून तो हेकरू मी तळून खाल्लेला आहे. कच्चा मात्र कोणताच मासा खाऊ नका.

पुढच्या वेळी एखादी गाठ फेकू नका. सुईने अलगद फोडा, आतली अळी मिठाच्या पाण्यात घ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवून किंचित दाबा. डोक्यातून चार सोंडा सर्रकन बाहेर येतात, प्रत्येकीवर आकड्यांच्या रांगा. त्या रांगा कशा मांडल्या आहेत, आकडे कुठे मोठे, कुठे बारीक, यावरून जात ठरते. सोंडा आतच राहिल्या तर ओळख पटवणं फार अवघड.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हेकरूचे कल्ले तपासते आहे. अर्ध्या मिलिमीटरचे चपटे कृमी मिळाले. एका जुन्या पुस्तकात असे कृमी ट्रेमॅटोड या कृमींच्या गटात दिले आहेत, नव्यात मोनोजीनिया या गटात. खरं काय? कल्ले फॉर्मॅलिनमध्ये ठेवू का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : पूर्वी मोनोजीनिया ट्रेमॅटोडांतच धरत असत. आता तो वेगळा गट मानतात आणि ते योग्यच आहे. कृमीचं मागचं टोक बघ. तिथे आकडे असलेली पकड दिसली तर मोनोजीनिया. हे कृमी एकाच माशावर जन्म काढतात. त्यांच्या अळ्या पोहत थेट दुसऱ्या माशावर जातात. ट्रेमॅटोडला तोंडाशी एक आणि बहुधा पोटावर एक चूषक (चिकटून राहायचा वाटीसारखा अवयव) असतो, आणि आधी गोगलगायीच्या किंवा शिंपल्याच्या अंगात वाढल्याशिवाय त्याची गाडी पुढे सरकत नाही.

तुझ्या कृमीच्या पकडीवर, वरच्या आणि खालच्या बाजूला, बारीक काड्यांच्या ओळी लावलेली एकेक चकती असेल तर तो बहुधा स्यूडोरॅब्डोसिनोकस. हेकरूंच्या कल्ल्यांवरची ही मोनोजीनियाची अगदी ठरलेली प्रजाती (जीनस). पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियाच्या प्रवाळांत कृमींचे अभ्यासक झाँ-लू जुस्तीन यांनी तिच्या कितीतरी जाती नोंदवल्या. एकाच जातीच्या हेकरूवर तिच्या अनेक जाती नांदताना सापडल्या. त्या वेगळ्या करायच्या तर योनिमार्गाचा कठीण भाग आणि नराचं इंद्रिय रेखाटून मोजावं लागतं. नुसत्या 'लांबट, पांढरा' अशा वर्णनाने काम भागत नाही.

फॉर्मॅलिन नको, त्याने डीएनए बिघडतो. काही कृमी अल्कोहोलमध्ये ठेव, काही ताजेच ग्लिसरीन-पिक्रेटमध्ये बसव म्हणजे आकडे स्वच्छ दिसतील. आतड्यातल्या ट्रेमॅटोडांची रीत वेगळी. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या माशांवर वर्षानुवर्षं काम करणारे टॉम क्रिब आणि रॉड ब्रे जिवंत कृमीवर जवळजवळ उकळतं मिठाचं पाणी ओततात. कृमी सरळ होऊन मरतो, दाबावा लागत नाही. जुन्या निबंधांतली दाबून घेतलेली मापं ताज्या मापांशी ताडून बघू नकोस, उगाच नवी जात जन्माला येईल.

जागेचा पुरावा मोठा, पण आंधळेपणाने मानू नकोस. माशाच्या अंगावर मिळाला म्हणून मोनोजीनियाच, असं नाही. ट्रान्सव्हर्सोट्रेमा हा पक्का ट्रेमॅटोड, आणि राहतो खवल्यांखाली! संशोधक सोपारकरांनी १९२४ मध्ये वर्णन केलेली त्याची अळी गोड्या पाण्यातली, तिच्या नावात पतियाळा आहे. तिचेच भाऊबंद पुढे ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळ-माशांच्या खवल्यांखाली निघाले.

आणि मासा कापण्याआधी त्याचा फोटो काढ. बाजारात वेगवेगळ्या जातींना सरसकट 'हेकरू' म्हणतात. यजमान, म्हणजे कृमी ज्यावर राहतो तो मासा, ओळखण्यात चुकलीस की पुढची मेहनत पाण्यात.

प्रश्न : खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या पिवळ्या टँग माशावर काळे ठिपके आलेत. औषध कोणतं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी भिंग घ्या. ठिपके जागा बदलत असतील तर बहुधा टर्बेलेरिया गटातला चपटा कृमी आहे, पिवळ्या टँगवर तो चटकन दिसतो. क्लोरीन काढलेल्या, टाकीइतक्याच तापमानाच्या आणि पीएचच्या गोड्या पाण्यात मासा तीन-चार मिनिटं ठेवा. समोर थांबा; मासा कलंडू लागला तर लगेच काढा. बादलीच्या तळाशी कृमी पडलेले दिसतील. टाकीतली वाळू मात्र उपसून धुवा, त्यांची पिल्लावळ तिथेच असते.