30 मीटरसाठी 12 मिमी ॲक्रिलिक पुरणार नाही

पाणबुडीच्या खिडकीसाठी 200 मिमी उघडीला ॲक्रिलिकची (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची) 12 मिमीची चकती, कडेला आठ भोकं, बोल्टने थेट हलवर, म्हणजे पाणबुडीच्या कवचावर, आवळायची आणि 30 मीटर खोलीपर्यंत जायचं, असा तुमचा बेत दिसतो. जाडी वाढवाच, पण त्याआधी ती भोकं रद्द करा.

30 मीटरवर दाब साधारण 3 बार, म्हणजे 0.3 मेगापास्कल. कडेवर टेकलेल्या गोल चकतीच्या मध्यावरचा ताण = 1.26 × दाब × (उघडीची त्रिज्या ÷ जाडी)². 12 मिमीला तो 26 मेगापास्कल येतो. डेटाशीटवरची 65-70 मेगापास्कल ताकद बघून निर्धास्त होऊ नका. तो आकडा मिनिटाभरात तोडलेल्या नमुन्याचा असतो. ताण टिकून राहिला की ॲक्रिलिक हळूहळू वाकतं, त्यात केसासारख्या चिरा पडतात. ताण 7 च्या आत ठेवा. 25 मिमीला 6 येतो, 30 मिमीला 4.2. मी 30 घेईन. उन्हात तापलेलं ॲक्रिलिक आणखी मऊ पडतं, हे विसरू नका.

आता बैठक, म्हणजे चकती जिच्यावर टेकते ती कड; बहुतेक घोळ इथेच होतो. चकती 250 मिमी व्यासाची घ्या आणि बाहेरच्या बाजूने बसवा, म्हणजे पाणीच तिला बैठकीवर दाबेल. त्या खोलीवर हा भार जवळपास दीड टन होतो. बाहेरची रिंग फक्त चकती जागेवर धरते आणि गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी पट्टी) दाबते. बोल्ट रिंगमधून जातात, ॲक्रिलिकला शिवतही नाहीत. चकतीत ओ-रिंगची (गोल रबरी सीलची) खाचही नको. कडेभोवती अर्धा मिमी फट सोडा, कारण ॲक्रिलिक स्टीलच्या पाच-सहा पट प्रसरण पावतं. उघडीभोवती जाड रिंग वेल्ड करा आणि बैठक वेल्डिंगनंतरच लेथवर सपाट करा. आधी केलीत तर वेल्डची उष्णता ती वाकवते, चकती दोन-तीन उंचवट्यांवर टेकते आणि वरचं गणित निरुपयोगी ठरतं.

शीट कास्टच (साच्यात ओतलेलं) हवं, एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेलं) नाही. कापल्यावर 85 अंशांना ॲनील करा, म्हणजे आतला ताण जाईपर्यंत तापवून ठेवा, आणि अगदी सावकाश थंड करा. पुसायला साबणपाणी वापरा. थिनर, ॲसिटोन, स्पिरिट किंवा अमोनियावालं काच-क्लीनर लागलं की ताणलेल्या जागी चिरा फुटतात. पॉलिकार्बोनेट चिवट असतं, म्हणून मोह होतो, पण एएसएमई या अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या पीव्हीएचओ-1 मानकातले (माणसं बसतात अशा दाबपात्रांसाठीच्या) खिडक्यांचे नियम मुळात कास्ट ॲक्रिलिकवर बेतलेले आहेत. जाडी ठरवताना ते उघडून बघाच. वरचं सूत्र फक्त अंदाजासाठी.

चाचणी पाण्याने, हवेने कदापि नाही: दाबलेल्या हवेने चकती फुटली तर तुकडे गोळ्यांसारखे उडतात. 30 मीटरवरच्या दाबाच्या 1.25 पट दाब, किमान एक तास, आत कोणी नाही. मग आतला पृष्ठभाग टॉर्च तिरका धरून तपासा. ताण तिथेच सर्वाधिक, त्यामुळे चिरा आधी तिथे, मध्याजवळ दिसतात. एकही दिसली तर चकती बाद, पॉलिश करून वापरायची नाही. तयार झाल्याची तारीख कडेवर मार्करने लिहा, कोरू नका. त्या मानकात साध्या चकतीचं आयुष्य दहा वर्षं धरतात.