टेबल लॅम्प, चादर आणि चार मित्र: पोर्ट्रेटच्या प्रकाशाबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: मित्राच्या हॉलमध्ये अभ्यासाचा टेबल लॅम्प लावून आम्ही एकमेकांचे पोर्ट्रेट काढले. नाकाची सावली काळीकुट्ट पडते. लॅम्पला बटर पेपर चिकटवला, तरी फरक पडला नाही. घरी मऊ प्रकाश मिळेल का? (सातारा)

मिळेल, पण बटर पेपरची जागा चुकली आहे. सावलीची कड मऊ होण्यासाठी उजेड कमी करून भागत नाही. चेहऱ्याच्या जागेवरून पाहिल्यावर उजेड देणारा पृष्ठभाग मोठा दिसायला हवा. लॅम्पच्या तोंडाला चिकटवलेला कागद म्हणजे पुन्हा सहा इंचांचाच दिवा. तो चार-पाच फुटांचा करा.

कोरी पांढरी सिंगल चादर घ्या. क्रीम रंगाची किंवा नक्षीची नको, तिचा रंग चेहऱ्यावर उतरतो. कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून ती ताणून बसवा. मित्र चादरीपासून तीन फुटांवर, चादर त्याच्या एका बाजूला आणि जराशी पुढे. दिवा चादरीच्या मागे आणखी चार फुटांवर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा फूट-दीड फूट वर. हे मागचं अंतर चुकवू नका. दिवा चादरीला खेटून ठेवला, तर मधोमध ताटाएवढं वर्तुळ तेवढं उजळतं, बाकीची चादर अंधारात राहते आणि हाती परत छोटा दिवाच येतो. चादरीचाच एक फोटो काढून बघा, उजेड कडेपर्यंत पोचलाय की नाही ते लगेच दिसेल.

९ वॅटचा बल्ब इथे पुरत नाही. एफ २.८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान, तितकं तोंड मोठं) आणि १/१०० सेकंदाच्या शटरला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, दहा हजारांच्या पुढे जातो आणि त्वचेचा पोत दाण्यांत हरवतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात ४० वॅटचा एलईडी बल्ब मिळतो, तो आणा. त्याच्या मागे फॉइल लावलेला पुठ्ठा उभा करा. मग आयएसओ साधारण ३२०० वर काम भागतं. मित्र स्थिर बसणारा असेल तर १/५० ठेवून १६०० वर. हा बल्ब जड असतो, टेबल लॅम्पची मान त्याने खाली झुकते, म्हणून होल्डर वेगळा घेऊन उंच स्टुलाला घट्ट बांधा. जुना हॅलोजन मात्र चादरीमागे कधीही लावू नका. तो भयंकर तापतो आणि कापड पेट घेऊ शकतं.

सावलीची बाजू अजून काळी वाटली, तर टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल त्या बाजूला दोन फुटांवर उभा करा. उलट, चेहरा करारी दिसायला हवा असेल तर तिथे काळं ब्लँकेट टांगा. घरातल्या पांढऱ्या भिंतींवरून परतणारा उजेड ते शोषून घेतं आणि गालाचं हाड उठून दिसतं. नवशिके हा प्रयोग क्वचितच करतात, पण लहान खोलीत थर्माकोलपेक्षा ब्लँकेटच जास्त उपयोगी पडतं असं आमचं मत आहे.

प्रश्न: एलईडीच्या उजेडात फोटोवर आडव्या काळसर पट्ट्या येतात. (नाशिक)

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. मोबाइलवर प्रो मोडमध्ये हे जमतं. अमेरिकेतल्या वाचकांनी १/६० किंवा १/१२० ठेवावं, तिथली वीज ६० हर्ट्झची असते. दिव्याला डिमर असेल तर तो पूर्ण उघडा. पुष्कळ डिमर दिवा झपाट्याने चालू-बंद करूनच उजेड कमी करतात, आणि तेव्हा कोणतंही शटर पुरतं कामी येत नाही.

प्रश्न: चौघांना ओळीत बसवलं की लॅम्पजवळचा पांढरा फटक आणि शेवटचा काळवंडलेला येतो. (बेळगाव)

छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. पहिला मित्र लॅम्पपासून १ मीटरवर आणि शेवटचा २ मीटरवर असेल, तर शेवटच्याला पहिल्याच्या २५ टक्केच उजेड मिळतो, म्हणजे दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं). लॅम्प मागे नेऊन हीच अंतरं ३ आणि ४ मीटर करा. आता शेवटच्याला सुमारे ५६ टक्के मिळतो, फरक एका स्टॉपच्या आत येतो. अर्थात एकूण उजेड बराच घटतो; पहिल्या मित्राच्या जागी तो नववा हिस्सा राहतो, त्यामुळे आयएसओ तीन स्टॉप वाढवावा लागेल. ते परवडत नसेल तर लॅम्प समोरच्या पांढऱ्या भिंतीवर वळवा. भिंत रंगीत असेल तर हा उपाय सोडा, हिरव्या भिंतीवरून आलेला उजेड माणसाला आजारी दाखवतो. फोकसचंही भान ठेवा: ओळ थोडी तिरकी असेल तर एफ २.८ वर कडेचे डोळे धूसर होतात, एफ ५.६ घ्या.

प्रश्न: चष्म्यात दिवा चमकतो. (पुणे)

दिवा आणखी फूटभर वर घ्या. नाहीतर चष्म्याच्या काड्या कानावरून बोटभर उचलायला सांगा, म्हणजे काचा खाली झुकतात आणि चमक कॅमेऱ्याकडे न येता खाली जाते. हनुवटी जरा खाली घेतली तरी चालतं. मोठ्या चादरीचं प्रतिबिंब टाळणं अवघड जातं, तेव्हा चादर अजून बाजूला सरकवा.

प्रश्न: दिव्याला लाल जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून चेहरा काढला. डोळे-नाक सोडून सगळा नुसता लाल डाग दिसतो. (ठाणे)

कॅमेऱ्याच्या सेन्सरचा लाल रंगमार्ग, म्हणजे लाल रंगाची नोंद, आधी भरून गेला. एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख) ठीक दिसतो, म्हणून हे लक्षात येत नाही. रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम दाखवणारा पर्याय चालू करा आणि लाल आलेख उजव्या कडेला टेकत असेल तर एक स्टॉप कमी करा. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं) बंद करून ५५०० केल्व्हिनवर ठेवा, नाहीतर कॅमेरा दर फोटोला लाल वेगळा करतो. तोंडावर साधा पांढरा उजेड ठेवून लाल दिवा मागून, केस आणि खांद्यावर पडेल असा लावला तर रंगही दिसतो आणि चेहराही. त्या दिव्याचा उजेड थेट लेन्सवर पडून फोटो फिकट होत असेल, तर दिवा आणि कॅमेरा यांच्यामध्ये काळा कार्डपेपर धरा.