वाचकांचे प्रश्न : पैसे परत भरले, तरी मन खातंय

प्रश्न : पाळकसाहेब, सप्रेम सलाम. मी आमच्या मंडळीत महिला मंडळाची खजिनदार होते. गेल्या वर्षी कापणीच्या सणाला लिलाव झाला, त्याचे पैसे माझ्याकडे होते. मुलाच्या डिप्लोमाची फी भरायची शेवटची तारीख आली आणि आमच्या कांद्याची पट्टी व्यापाऱ्याकडे अडकलेली. मी त्यातले सात हजार उचलले. मीटिंगमध्ये अध्यक्षबाईंनी ‘पैसे बँकेत भरले ना?’ म्हणून विचारलं, मी हो म्हणाले. एका बहिणीला बाळंतपणासाठी मदत द्यायचं ठरलं होतं, ते पुढच्या महिन्यावर ढकललं. पट्टी आल्यावर सगळे पैसे भरले, एक रुपयाही कमी नाही. देवाकडे कितीदा तरी क्षमा मागितली, तरी मन खातं. प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी काहीतरी कारण काढून घरीच राहते. आता मुलगा गाडीवरून पडला, पाय मोडला. ही त्याचीच शिक्षा का?
– एक बहीण, नगर जिल्हा

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमची झोप त्यानेच उडवली असणार. नाही. जन्मांध माणूस पाहून येशूच्या शिष्यांनी हाच हिशेब मांडला होता : पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? प्रभूने दोन्ही पर्याय खोडून काढले (योहान ९). आईने उचललेल्या सात हजारांची वसुली देव पोराच्या नडगीतून करत नाही. पोराला दूध-अंडी द्या, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस पाय टेकू देऊ नका, आणि हा विचार त्याच्यासमोर चुकूनही बोलून दाखवू नका.

आता मन खाण्याविषयी. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पैशांबद्दल तुम्ही तपशिलाने लिहिलंय, ‘एक रुपयाही कमी नाही’ हेसुद्धा. अध्यक्षबाईंना दिलेला ‘हो’ आणि त्या बाळंतिणीची मदत मात्र एकेका वाक्यात उरकलीत. मला वाटतं, मन खातंय ते तिथे. पैसे परत गेले. तो ‘हो’ अजून अध्यक्षबाईंकडे खरा म्हणून पडून आहे. आणि ज्या बाईला ऐन गरजेला ‘पुढच्या महिन्यात बघू’ ऐकावं लागलं, तिने त्या महिन्यात कोणापुढे हात पसरला, कोणाचं व्याज भरलं, हे तुम्हाला ठाऊक नाही. बहुधा म्हणूनच तुम्ही तिच्या दारावरून जायचं टाळत असाल.

अशा वेळी आपल्याकडे बरेच लोक पटकन सांगतात, ‘ताई, ख्रिस्ताच्या रक्ताने पाप धुतलं गेलं, विसरून जा.’ पहिला भाग खरा आहे, दुसऱ्याची घाई नको. दोषी वाटणं दोन तऱ्हेचं असतं, आणि ओळखायची माझी साधी रीत आहे. मनाला विचारा : तुला माझ्याकडून नेमकं काय हवंय? पवित्र आत्मा बोलत असेल तर उत्तरात माणसाचं नाव येतं, काम येतं : अमकीकडे जा, अमुक सांग. दोष लावणारा सैतान असं काही सांगत नाही. ‘तू तसलीच’ एवढंच तो घोकत राहतो. तुमच्या बाबतीत आज तरी नावं स्पष्ट आहेत, तेव्हा आधी ती कामं करा.

पहिलं घर त्या बहिणीचं. एकटीने जा. ‘मंडळाकडे पैसे होते, माझ्यामुळे तुम्हाला मिळाले नाहीत’ असं सरळ सांगा. कांद्याची पट्टी, फीची तारीख, यातलं काही मध्ये आणू नका. कारण आलं की माफीची कैफियत होते. ती चिडली तर ऐकून घ्या. मग अध्यक्षबाई आणि आताच्या खजिनदार. गणना ५:७ मध्ये परतफेडीवर पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगितलंय, म्हणजे तुमच्या हिशेबाने चौदाशे रुपये. आपण मोशेच्या नियमशास्त्राखाली नाही, पण द्यावेसे वाटले तर मंडळाच्या निधीत पावती करून द्या. क्षमा विकत घेतेय असं मनात असेल तर देऊ नका.

आणि एक. रविवारी अख्ख्या मंडळीपुढे उभं राहून साक्ष देऊ नका. ज्यांचा अपराध केला, कबुली त्यांच्यापुढे. बाकीच्यांना ती फक्त दुपारच्या जेवणानंतरच्या गप्पांना पुरते. (मंडळ्यांची मला तेवढी माहिती आहे.) पुन्हा पद घ्यावं का, हे तुम्ही ठरवू नका, मंडळाला ठरवू द्या. प्रभूला तीनदा नाकारलेल्या पेत्रानेही स्वतःला मेंढरं (म्हणजे मंडळीची देखभाल) सोपवून घेतली नव्हती, प्रभूने सोपवली.

प्रभुभोजन टाळणं मला मुळीच पटत नाही. १ करिंथ ११:२८ ऐकवून लोकांना घाबरवलं जातं, पण प्रेषित पौल तिथे आत्मपरीक्षण करून मग भाकरी खा, प्याल्यातून प्या असंच सांगतो. उठून घरी जा असं म्हणत नाही. तुम्ही स्वतःला शिक्षा ठोठावलीत आणि ती भोगतही आहात. हे नम्रतेसारखं दिसतं, पण न्यायाधीशाची खुर्ची तुम्हाला कोणी दिली? मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय आणि लगेच ‘मग येऊन अर्पण कर’ असंही. परत यायचंच आहे.

प्रभूला पकडून देणाऱ्या यहूदाचं बघा. त्यानेही ‘मी पाप केलं’ म्हटलं, तीस रुपये परत केले. पण गेला कोणाकडे? याजकांकडे, आणि ते म्हणाले, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. प्रभूकडे गेला असता तर काय झालं असतं, ते पेत्रावरून कळतं.

हे सगळं करूनही काही दिवस मन कुरकुरेल. पुढे धर्मसुधारणा करणारा मार्टिन लूथर तरुणपणी जर्मनीतल्या एर्फुर्टच्या मठात तासन्‌तास पापं कबूल करायचा आणि बाहेर पडताच एखादं राहिलेलं आठवून पुन्हा हजर. त्याचे वडीलधारे श्टाउपित्झ यांनी शेवटी त्याला सांगितलं, स्वतःकडे बघणं सोड, ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ. तुम्हाला तेव्हा १ योहान ३:२० लागेल : आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे. पण हे वचन त्या तिघींना भेटून आल्यावर. त्याआधी वाचलंत तर ते झोपेची गोळी होईल.

प्रश्न : वडील शेवटच्या आजारात मला बोलवत होते, मी नोकरीचं निमित्त सांगून गेलो नाही. आता ते नाहीत. क्षमा कोणाकडे मागू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बंधू, वडिलांकडे आता मागता येणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. दावीद राजालाही उरियाकडे क्षमा मागता येत नव्हती, उरियाची बायको घेऊन त्याला दावीदानेच मारवलं होतं. ५१ वं स्तोत्र त्यानंतरचं आहे, ते देवापुढे मोठ्याने वाचा.

पण तुमच्या लांबलचक पत्रात (इथे दोनच ओळी छापल्यात) आणखी एक गोष्ट आहे : गावाकडचा भाऊ आणि त्याची बायको. वडिलांचं अंथरूण, औषधं, रात्रीची उठबस त्या दोघांनी काढली आणि तुम्ही त्यांच्याशी अंत्यविधीनंतर बोललेला नाहीत. ती दोघं आहेत अजून. पुढच्या सुट्टीत आधी तिकडे जा, फोनवर उरकू नका.