लातूरची मुलगी, रत्नागिरीतली द्विशिक्षकी शाळा: पाठवावे की थांबवावे?

महोदय,

सप्रेम नमस्कार. औसा तालुक्यातून लिहिलेले आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली धाकटी मुलगी डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) झाली आहे, टीईटीचा म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर उत्तीर्ण आहे, आणि शिक्षक अभियोग्यता चाचणीतील गुणांवर शासनाच्या शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलमार्फत तिची निवड रत्नागिरी जिल्हा परिषदेत पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी झाली आहे. तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून महिना १६,००० रुपये मानधनावर, घरापासून रात्रभराच्या प्रवासावर, डोंगरातल्या कुठल्याशा वाडीवर मुलीने एकटीने राहण्यापेक्षा लातूरमधल्या खासगी इंग्रजी शाळेने देऊ केलेली नोकरी घ्यावी आणि पुढच्या भरतीत जवळचा जिल्हा मिळतो का ते पाहावे, असे तिच्या आईंचे म्हणणे आहे. मुलीला मात्र जायचे आहे. ‘तिकडच्या शाळेत शिक्षकाचे दिवस कसे जातात हे आम्हाला नीट सांगणारे कोणी नाही,’ असे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. समुपदेशनाच्या कामाकडे वळण्यापूर्वी मी अकरा वर्षे रत्नागिरीतल्याच संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवर प्राथमिक शिक्षक होतो आणि मीही घाटावरूनच तिकडे गेलो होतो. त्यामुळे या वाक्याला उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते.

तिने जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ‘आधी नोकरी पदरात पाडून घेऊ, मग बदलीचे बघू’ एवढ्याच हिशेबाने ती जाणार असेल, तर तिने जाऊ नये असेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगेन.

थांबून पुढच्या भरतीची वाट पाहण्याचा पर्याय वाटतो तितका सोपा नाही. अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. पहिल्या दोन चाचण्यांमध्ये पाच वर्षांहून अधिक काळ गेला आणि त्या काळात हजारो मुलामुलींची उमेदीची वर्षे अभ्यासिकांमध्ये सरली. त्यांतली कितीतरी माझ्यासमोर येऊन बसली आहेत. शिक्षणसेवकाचे मानधन पूर्वी ६,००० रुपये होते, ते २०२३ पासून १६,००० झाले. तीन वर्षांची सेवा समाधानकारक झाली की नियमित वेतनश्रेणी लागते आणि सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. खासगी शाळेतला पगार आज याच्या जवळपास दिसत असला, तरी तीन वर्षांनंतरची तुलना आपणच करून पाहावी. पैशांबद्दल एवढे पुरे, कारण मुलगी तिथे टिकेल की नाही हे पैशांवर ठरणार नाही.

ते ठरेल शाळेच्या आकारावर. लातूरने शिकवणीचे मोठमोठे वर्ग पाहिले आहेत, एकेका बॅचला शेकडो मुले पाहिली आहेत. आपली मुलगी ज्या शाळेत जाईल तिथे पहिली ते पाचवी मिळून पंधरा मुले असण्याची शक्यता मोठी आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणून कोकणातल्या वाड्यांवर द्विशिक्षकी शाळाच अधिक आहेत. साधारणपणे एक शिक्षक पहिली-दुसरी घेतो आणि दुसरा तिसरी ते पाचवी. या दोघांतला एक जण प्रभारी मुख्याध्यापक असतो. तो केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला, तालुक्याच्या बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेला की त्या दिवशी पाचही वर्ग उरलेल्या एकाच शिक्षकापुढे बसतात. पंधरा मुले म्हणजे आरामाची नोकरी, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात एक मूल अक्षर गिरवत असते, दुसरे हातच्याची वजाबाकी करत असते, वरच्या वर्गातल्या दोघांना शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी हवी असते, आणि प्रत्येकाला कधी स्वतःहून काम द्यायचे, कधी जवळ बसवायचे आणि कोणाला कोणाच्या शेजारी ठेवायचे, याचा विचार शिक्षकाच्या डोक्यात दिवसभर चालू असतो. बहुवर्ग अध्यापन हा शब्द डी.एल.एड.च्या पुस्तकात तिने वाचला असेल. तो अंगवळणी पडायला मला दोन वर्षे लागली.

तिथला माझा पहिला जुलै महिना कसा गेला ते सांगतो. लातूरला वर्षाकाठी सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रत्नागिरीत तीन हजारांहून अधिक. आमच्या शाळेच्या एका वर्गावर पत्रे होते आणि त्यांवर सर कोसळू लागली की समोर बसलेल्या मुलालाही माझा आवाज ऐकू जात नसे. मी आठवडाभर ओरडून शिकवले आणि घसा बसला. माझ्या सहकारी बाईंची तिथली पंधरा वर्षे झाली होती. पाऊस वाढला की त्या बोलणे थांबवीत आणि फळ्यावर एकच वाक्य लिहीत: ‘खिडकी लाव.’ ज्याला वाचता येई तो उठून खिडकी लावी. मग त्या लिहीत, ‘डब्यातले सात खडे आण,’ आणि आणखी एक जण उठे. दुसरीत एक मुलगी होती, वाचनाच्या तासाला ती मान खाली घालून बसे आणि तिला अजून वाचता येत नाही अशी नोंद मी करून ठेवली होती. त्या दिवशी बाईंनी ‘मागचे दार उघड’ असे लिहिले तेव्हा तीच उठली. तिला वाचता येत होते. मोठ्याने वाचण्याची तिला भीती वाटत होती, कारण घरची बोली आणि पुस्तकातले शब्द यांत फरक होता आणि त्या फरकावर कोणीतरी तिला एकदा हसले होते. माझी नोंद मी त्याच दिवशी खोडली. पुढची सगळी वर्षे पावसाळ्यात आम्ही ‘मुका तास’ घेत असू आणि मुले त्याची वाट पाहत.

आपल्या मुलीची मराठीही तिथल्या मुलांना सुरुवातीला वेगळी लागेल, आणि त्यांची तिला. पऱ्या म्हणजे ओढा, साकव म्हणजे त्यावरचा छोटा पूल, पाखाडी म्हणजे वाडीतून जाणारी दगडी पायऱ्यांची वाट. हे शब्द पहिल्या आठवड्यातच कानावर पडतील. तिने ते विचारून घ्यावेत, वहीत लिहावेत आणि वर्गात वापरावेत. बाईंना आपल्याकडून काही शिकायचे आहे हे कळले की मुलांची भीड लवकर चेपते.

हजेरीपटाचा अर्थ मला कळायलाही वेळ लागला. आषाढात लावणी सुरू झाली आणि चौथीतला एक मुलगा सहा दिवस शाळेत आला नाही. मी रागावूनच त्याच्या घरी गेलो, घराला कडी होती, म्हणून शेताकडे उतरलो. वडील मुंबईत नोकरीला, आई आणि आजी गुडघाभर चिखलात रोपे लावत होत्या आणि हा बांधावर इरल्याखाली दीड वर्षाच्या भावाला मांडीवर घेऊन बसला होता. मला बघताच त्याने पाढे म्हणायला सुरुवात केली, जणू मी परीक्षाच घ्यायला आलो होतो. बोलण्यासाठी मनात जुळवलेले सगळे शब्द तिथेच राहिले. अंगणवाडीताईंना विनंती करून धाकट्याची सकाळची सोय लावली, आणि दुसऱ्या दिवशी थोरला शाळेत हजर झाला. हे काम कोणत्याही परिपत्रकात नाही, पण वाडीवरच्या शिक्षकाचा निम्मा दिवस अशाच कामांत जातो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी फिरते तेव्हा वर्ग रिकामा असतो आणि गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की गाव भरून जातो. त्या दिवसांत पालकसभा घेतली तर एरवी कधी न भेटणारे वडील भेटतात, हे तिने ध्यानात ठेवावे.

त्रासाची बाजूही लपवून ठेवत नाही. शिकवण्याव्यतिरिक्तच्या नोंदींनी शिक्षक बेजार आहेत. युडायस या शाळांच्या शासकीय माहिती प्रणालीत भरायची माहिती, विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदी, पोषण आहाराचा दर मुलामागे शंभर ग्रॅम तांदळाचा रोजचा हिशेब, आणि शिवाय वेळोवेळी मागवले जाणारे तक्ते. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते, परंतु माहिती भरण्याचे काम त्या कलमातून कसे निसटते हे कोणताही शिक्षक सांगेल. दुसरी चिंता पटाची आहे. तरुण कुटुंबे मुंबईला जात राहिल्यामुळे वाड्यांवरची मुले कमी होत आहेत आणि पट घसरला की शिक्षकाचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते. ज्या शाळेत जीव लावला ती सोडावी लागण्याचे दुःख खरे असते, मी ते अनुभवले आहे. परंतु नोकरी जिल्हा परिषदेची असते, त्यामुळे शाळा बदलली तरी नोकरी जात नाही, हेही तिच्या आईंना सांगावे.

बदलीबद्दल आता सांगतो, कारण आपल्या पत्रातला खरा प्रश्न मला तिथे दिसतो. कोकणात घाटावरचे आणि मराठवाड्यातले पुष्कळ शिक्षक आहेत आणि त्यांतल्या अनेकांचे मन वर्षानुवर्षे आंतरजिल्हा बदलीच्या यादीत अडकलेले असते. ही बदली मूळ जिल्ह्यातल्या रिक्त जागांवर आणि बिंदुनामावलीवर, म्हणजे आरक्षणानुसार ठरलेल्या जागांच्या क्रमावर, अवलंबून असते, तिचे नियम नव्या शासन निर्णयांनी बदलत राहतात, आणि ती मिळाली तरी नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता मागे पडते. माझ्या शेजारच्या शाळेत एक गुरुजी होते, शिकवायला हुशार, पण त्यांनी नऊ वर्षांत खोलीत कधी नीट कपाटसुद्धा घेतले नाही; पेटी कायम भरलेली. त्यांचे वर्गावर प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही, परंतु गावाने त्यांना आपले मानले नाही आणि त्यांनीही गावाला नाही, आणि ही नऊ वर्षे त्यांना फार जड गेली. मुलीने निदान पाच-सहा वर्षे इथेच काम करायचे आहे असे मनाशी ठरवून जावे. लग्नाचा प्रश्न या काळात येईल हे मी जाणतो. स्थळे पाहताना ती रत्नागिरीत नोकरी करते हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे, ‘बदली होईलच’ असा शब्द कोणालाही देऊ नये.

पदस्थापनेच्या समुपदेशनाला, म्हणजे नेमणुकीची शाळा निवडायला, जाताना तिने फक्त नकाशावरचे अंतर पाहू नये. शाळेचा पट किती, दुसरा शिक्षक कायम आहे की ती जागाही रिकामी आहे, सहकारी बाई असण्याची शक्यता आहे का, पावसाळ्यात एस.टी. शाळेपासून किती अंतरापर्यंत येते आणि वाटेत साकव आहे का, शाळेत मुलींसाठी आणि शिक्षिकेसाठी वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह आहे का, हे तिने तिथे आलेल्या जुन्या शिक्षकांना आणि केंद्रप्रमुखांना विचारावे. तालुक्याच्या गावी खोली घेऊन रोज स्कूटीवर येजा करणारे पुष्कळ आहेत. पावसात, घाटवळणांवर, एकट्या मुलीसाठी मी तो सल्ला देणार नाही. शाळेच्या जवळ, शक्यतो वयस्कर जोडपे राहत असलेल्या घरातली खोली पाहावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना आणि अंगणवाडीताईंना पहिल्याच दिवशी भेटले की अशी खोली मिळते. वाडीला शाळेच्या बाईंची काळजी असते, आणि कधी कधी ही काळजी चौकशीत बदलते, कोण आले, कोण गेले, सुट्टीत कुठे गेलात. त्याचा तिला त्रास होईल. शांतपणे, न चिडता, हवे तेवढेच सांगण्याची सवय लावून घ्यावी.

तिच्या आईंना माझी एक विनंती कळवावी. त्यांनी पहिला महिना मुलीसोबत तिकडे राहावे. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हाच पाऊस लागतो, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, संध्याकाळी वीज जाते आणि नवख्या माणसाचे मन नेमके तेव्हाच खचते. येताना ज्वारीचे पीठ थोडे-थोडे करून डब्यांत घट्ट बंद करून आणावे, कारण तिकडे भाकरी तांदळाची असते आणि पावसात मोकळ्या पिठाला चार दिवसांत वास येतो. घरमालकीणबाईंना पहिली ज्वारीची भाकरी त्यांनी स्वतः थापून द्यावी. महिन्याने त्या औशाला परत निघतील तेव्हा मुलीजवळ कोण आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असेल.

रुजू होण्याचा आदेश आल्यावर मला कळवावे. संगमेश्वर, लांजा किंवा राजापूर यांपैकी तालुका मिळाला तर तिथे अजून नोकरीत असलेल्या दोन जुन्या सहकारी शिक्षिकांशी मी तिची गाठ घालून देईन.

आपला,
करिअर समुपदेशक