सीएने सही केल्यावरही एजीची पार्टी का येते?

ताई, भाचा नागपुरातल्या एका राज्य महामंडळात लेखा शाखेत लागला, सीएने ताळेबंदावर सही केली आणि तरी महालेखाकार (एजी) कार्यालयाची तपासणी पार्टी येऊन बसली, म्हणून ‘घोटाळा निघाला का’ असं तुम्ही विचारलंय. घाबरू नका. मी अशाच एका महामंडळातून लेखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. ही पार्टी आमच्याकडेही यायची.

सरकारचं भागभांडवल किमान 51 टक्के असलं की ती सरकारी कंपनी. केंद्र-राज्य मिळून भरलं तरी चालतं. आपली महामेट्रो तशीच. 2013च्या कंपनी कायद्याप्रमाणे अशा कंपनीचा सीएसुद्धा कॅगच (देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) नेमतं, संचालक मंडळ नाही. त्या सीएचा अहवाल मिळाल्यापासून 60 दिवसांत कॅगला पूरक लेखापरीक्षण करता येतं. महालेखाकार कार्यालय म्हणजे कॅगचंच राज्यातलं कार्यालय, त्यांचीच ही पार्टी. (एसटी महामंडळ कंपनी नाही. तिथे सीए नसतोच, थेट कॅग.)

खरं दुखणं थकीत लेख्यांचं. आमचे चार वर्षं मागे होते. दर सप्टेंबरात सर्वसाधारण सभा बोलवायची, ताळेबंद नाही म्हणून तहकूब करायची, चिवडा-चहा घेऊन उठायचं. मग कधीतरी चार वर्षांपूर्वीच्या साठ्यावर हाफ मार्जिन, म्हणजे पार्टीचा लेखी प्रश्न, यायचं. डेपोवाले साहेब तोवर निवृत्त, स्टॉक रजिस्टरला वाळवी. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असं एकदा मीच ठोकून दिलं. शेरा कायम राहिला, आणि राहायलाच हवा होता.

सभा पार पडली की तीन महिन्यांत वार्षिक अहवाल कॅगच्या शेऱ्यांसह तयार करून विधिमंडळापुढे जायचा असतो. सभाच अडली तर आमदारांच्या हाती काय पडणार? हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्समध्ये कितीही घोषणा होवोत, ताळेबंदच नसलेल्या महामंडळाला सरकार नवं भागभांडवल देत राहतं, त्याचा हिशेब विचारणार कशाच्या आधारे?

भाच्याला सांगा, हाफ मार्जिनला तोंडी उत्तर देऊ नको. व्हाउचर क्रमांक घाल, प्रत जोड, चूक असेल तर मान्य करून दुरुस्तीची नोंद दाखव. पार्टीतली मंडळी बहुधा समजूतदार असतात. त्यांना टोलवाटोलवी मात्र लगेच कळते.

आणि त्याच्या टेबलावरचे लेखे नेमके कोणत्या वर्षाचे आहेत, ते विचारून कळवा. पुढचं त्यावर सांगतो.