आठवीच्या मुलांना विश्वासू पेपरांची यादी द्यावी का?

ताई, तुम्ही विचारलंय की आठवीच्या वर्गाला "हे पेपर-चॅनेल विश्वासाचे, हे नाहीत" अशी यादी दिली तर चालेल का. माझं मत, नका देऊ. पोरं यादी पाठ करतात, परीक्षेत लिहितात, संपलं. शिवाय यादीतले पण घसरतातच की. नोटाबंदीनंतर दोन हजारच्या नोटेत नॅनो चिप आहे, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी सॅटेलाईटला कळते, हे व्हॉट्सअ‍ॅपवर तर होतंच पण मोठ्या हिंदी चॅनेलांनीही ग्राफिक्स करून दाखवलं, आणि रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबर २०१६ लाच नोटेचा तपशील जाहीर केलेला, त्यात चिपचा पत्ताच नाही. हे उदाहरण वर्गात घ्याच (चिपला बॅटरी कुठली, असं कोणीतरी विचारतंच, मग सायन्सचाही तास होऊन जातो).

रोजच्या सरावाला एकाच दिवसाचे दोन-तीन पेपर पुरतात. अपघात, पाणीकपात, कुठलीही गावातली बातमी घ्या आणि पोरांना फक्त "कोण म्हणतंय" ते शब्द पेनाने अधोरेखित करायला लावा. "पोलीस निरीक्षकांनी सांगितले" वेगळं, "सूत्रांकडून समजते" वेगळं, आणि "परिसरात चर्चा आहे" म्हणजे तर कोणीच काही म्हणालेलं नाही. पण सूत्र म्हणजे खोटंच असं पण शिकवू नका, बोलणाऱ्याची नोकरी जाऊ नये म्हणूनही नाव झाकतात. दोन पेपरात मजकूर शब्द न शब्द सारखा निघाला तर ती एजन्सीची (अनेक पेपरांना बातम्या पुरवणाऱ्या संस्थेची) बातमी आहे, प्रेसनोट आहे की पैसे देऊन छापलेलं, हे विचारायचं. २००९ च्या विधानसभेच्या वेळी आपल्याकडे एकमेकांचे स्पर्धक असलेल्या पेपरांत एकाच नेत्याचं कौतुक जसंच्या तसं आलेलं, पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडकीला आणलं होतं.

फॉरवर्डवर बोलताना राईनपाड्याचं सांगाच, आठवीची मुलं एवढी लहान नसतात, फक्त फोटो-व्हिडिओ दाखवू नका. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्या दिवसांत देशभर फिरणारा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीचा होता, खुलासा करणारा शेवटच कोणीतरी कापलेला. म्हणून व्हिडिओ कुठला, कधीचा आणि अख्खा आहे का, एवढं तरी विचारायची सवय लावा.

एक धोका आहे, दोनेक महिन्यांत पोरं "सगळेच विकले गेलेत" म्हणायला लागतात आणि मग विचार करायचंच सोडतात, मला तर हे भाबडेपणापेक्षा वाईट वाटतं. तेव्हा उलटं काम द्या, नीट केलेली बातमी शोधून आणा, जिच्यात माणसांची नावं आहेत, दुसरी बाजू विचारलीय, बातमीदार जागेवर गेलाय. आधी कुरकुरतात पण आणतात, आणि पहिल्या पानापेक्षा जिल्ह्याच्या पानांवर लवकर सापडतात.