बजेट कमी असेल तर लहान कुत्र्याला कोणत्या लसी द्यायच्याच आणि कोणत्या सोडल्या तर चालतील? (गोवा)

तुम्ही लिहिलंय की फोंड्याला फ्लॅटमध्ये राहता, अडीच महिन्यांचं पॉमेरेनियन टाइपचं पिल्लू आणलंय, वजन जेमतेम दोन किलो, आणि डॉक्टरांनी नाइन-इन-वन (अनेक रोगांची एकत्र, म्हणजे कॉम्बो लस), कोरोना, केनेल कफ (कुत्र्यांना एकमेकांपासून लागणारा खोकला), रेबीज अशी यादी दिली ती बघून एवढे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न पडलाय. शिवाय तो घरातच असतो तर काय सोडता येईल, आणि एवढ्याशा कुत्र्याला अर्धा डोस पुरेल का, हेही विचारलंय.

मी डॉक्टर नाही हे आधी सांगते. डिचोलीला राहते, घरात कुत्रे आहेत, आणि वाड्यावरचे जे भटके आमच्याकडे जेवायला येतात त्यांना लसवाली टीम आली की धरून द्यायचं काम बरीच वर्षं करतेय. सगळ्यांचा खर्च आमच्याच खिशातून, त्यामुळे कुठल्या इंजेक्शनचे पैसे खरंच कामी येतात हे डॉक्टरांना विचारून विचारून शिकले.

तर सरळ उत्तर असं की पार्वो (रक्ताचे जुलाब करणारा व्हायरस) आणि डिस्टेंपर (फिट आणणारा व्हायरस) यांची लस, रेबीज आणि आपल्या गोव्यात लेप्टो (उंदरांमुळे पसरणारा रोग), या तीन गोष्टी सोडायच्या नाहीत. कोरोनाची वेगळी लस सोडा. केनेल कफ तूर्त सोडा. आणि वाचलेले पैसे गोचिडीच्या औषधाला ठेवा, ते का ते पुढे सांगते.

आता पार्वोचं जरा नीट समजून घ्या कारण पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच. पिल्लाला आईच्या चिकातून रोगाशी लढायची ताकद मिळते, आणि ती ताकद अंगात असेपर्यंत बाहेरून दिलेली लससुद्धा ती लागू देत नाही. ही ताकद कुठल्या पिल्लात आठव्या आठवड्यालाच संपते, कुठल्यात चौदाव्या-पंधराव्यापर्यंत टिकते, आणि वरून बघून ते कळत नाही. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी परत परत देतात. लोकांना वाटतं पहिला डोस म्हणजे खरी लस आणि पुढचे नुसते बूस्टर, तर पिल्लांच्या बाबतीत तसं नाहीये, प्रत्येक डोस म्हणजे "आता तरी लागली का" असा नवा प्रयत्न असतो आणि सगळ्यात महत्त्वाचा डोस शेवटचा, जो सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर द्यायचा असतो. आमच्याकडे कितीतरी जण दीड महिन्याला एक, अडीच महिन्याला एक असे दोन देऊन झालं म्हणून थांबतात, आणि मग पाचव्या महिन्यात पिल्लू रक्ताचे जुलाब करायला लागलं की लस खोटी होती म्हणतात. लस खोटी नसते हो, वेळ चुकलेली असते. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशन म्हणून पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांची जगभरची संघटना आहे, त्यांच्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय की मालकाला एकच डोस परवडणार असेल तर तो सोळा आठवडे किंवा त्याहून मोठं झाल्यावर द्यावा.

याचा अर्थ तुम्ही आता काहीच न देता थांबा असा नाही हां. तुमचं पिल्लू दहा-अकरा आठवड्यांचं आहे, म्हणजे आता एक, चौदाच्या आसपास एक आणि सतराव्यात एक असे तीन झाले तर उत्तम. अगदीच जमत नसेल तर आता एक आणि सोळा पूर्ण झाल्यावर एक, पण मधल्या काळात त्याला रस्त्यावर, सोसायटीच्या आवारात, बीचवर खाली ठेवायचं नाही, कडेवर घेऊन फिरवा, माणसं गाड्या आवाज सगळं दाखवा, फक्त पाय जमिनीला नको. विकणाऱ्याने "एक इंजेक्शन दिलंय" सांगितलं असेल आणि कार्डावर बाटलीचा स्टिकर नसेल तर ते मोजूच नका.

घरातच असतो हे पार्वोला लागू पडत नाही, कारण पार्वो तुमच्या चपलेला लागून घरात येतो. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पडलेला हा व्हायरस मातीत कित्येक महिने, कधी वर्षभर जिवंत राहतो आणि नुसत्या फिनाइलवर मरेल असं धरून चालू नका, त्याला ब्लीचिंग लागतं. आमच्या शेजारी एका घरात पार्वोने पिल्लू गेलं आणि त्याच अंगणात थोड्या दिवसांनी दुसरं आणलं, तेही गेलं. फार वाईट मरण असतं ते, पाणीसुद्धा पोटात राहत नाही. वाचवायचं म्हटलं तरी सलाइन, रोजचा दवाखाना, इंजेक्शनं, आणि बिल सगळ्या लसींच्या कितीतरी पट, एवढं करून पिल्लू वाचेलच असंही नाही. डिस्टेंपर तर त्याहून क्रूर, त्यावर औषधच नाही, आणि वाचलेल्या कुत्र्यालाही पुढे फिट येणं, पाय सतत थरथरणं राहू शकतं. म्हणून इथे पैसे वाचवू नका अशी कळकळीची विनंती.

बाटलीवरच्या नावांचा गोंधळ असतो तो असा सोडवा. डी म्हणजे डिस्टेंपर, एच किंवा ए म्हणजे हिपॅटायटिस, पी पार्वो, पीआय पॅराइन्फ्लुएन्झा, एल लेप्टो. फाइव्ह, सेव्हन, नाइन हे आकडे वाढतात ते बरेचदा लेप्टोचे प्रकार वेगवेगळे मोजल्याने आणि कोरोना घातल्याने. म्हणजे आकडा मोठा म्हणून लस जास्त चांगली असं काही नाही, आत कुठली अक्षरं आहेत ते बघायचं. हा कोरोना म्हणजे आपला कोविड नव्हे, कुत्र्यांचा वेगळा, अगदी लहान पिल्लांना साधारण हलके जुलाब करणारा, आणि त्याची लस ती वरची संघटनाही द्या म्हणत नाही. डॉक्टरांकडे जी कॉम्बो आहे तिच्यात तो आधीच असला तर असू दे, वाद घालू नका, पण त्यासाठी वेगळं इंजेक्शन आणि वेगळे पैसे नकोत.

लेप्टोबद्दल थोडं जास्त लिहिते कारण दिल्ली-पुण्याच्या लोकांचे व्हिडिओ बघून आपल्याकडचे लोक हे ऑप्शनल समजतात. उंदराच्या मुतातून पाण्यात-चिखलात उतरणारा रोग आहे हा, आणि आपल्याकडे चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखलच. तुम्ही म्हणता घरातच असतो, पण चवथीला गावच्या घरी जाणार ना? कुत्र्याला फ्लॅटमध्ये एकटं थोडंच ठेवणार? आणि गावाला गेला की तो कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पळणार, पाटाचं पाणी पिणार, भाताच्या कोठीपाशी उंदीर हुंगत बसणार. लिव्हर-किडनी दोन्ही जातात याच्यात, आणि कुत्र्याच्या मुतातून तो घरातल्या माणसांनाही होऊ शकतो, लहान मुलं असतील तर हे डोक्यात ठेवाच. लस सगळ्या प्रकारांपासून वाचवत नाही, पण जेवढं वाचवते तेवढं हवंच. सुरुवातीला दोन डोस, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, आणि मग दरवर्षी. पहिले दोन झाल्यावर पुढचा वार्षिक डोस मे महिन्यात यावा अशी तारीख डॉक्टरांकडून बसवून घ्या, लवकर घ्यावा लागला तरी चालेल, म्हणजे पाऊस पडायच्या आत संरक्षण ताजं असतं.

रेबीज. यात विचार करण्यासारखं काही नाही, तीन महिने पूर्ण झाले की द्यायची, वर्षाने परत, मग डॉक्टर सांगतील तसं, आपल्याकडे सहसा दरवर्षीच देतात. झाल्यावर कुत्रा जातो आणि माणूसही जातो. आपल्या गोव्यात 2014 पासून मिशन रेबीज या संस्थेवाले आणि सरकार मिळून घरोघरी, वाड्यावाड्यावर फिरून कुत्र्यांना मोफत लस देतात, शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना तरी दरवर्षी लस मिळाली पाहिजे या हिशोबाने, आणि त्या कामामुळे 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, देशात पहिलं राज्य. मला याचा खरंच अभिमान आहे, उन्हातान्हात जाळी घेऊन पळणारी ती पोरं मी बघितलीत. पण नियंत्रित म्हणजे संपला असं नाही, सिंधुदुर्ग काय आणि बेळगाव काय, कुत्र्यांना राज्याची हद्द कळत नाही. तर टीम तुमच्या भागात आली की "आमचा घरातला आहे, डॉक्टरकडे देतो" म्हणून परत पाठवू नका, घ्या आणि सर्टिफिकेट जपून ठेवा. टीमची वाट बघत बसायचं नसेल तर पशुसंवर्धन खात्याचे दवाखाने आहेत तालुक्यांत, पणजीजवळ टोंकला आणि मडगावला सोनसोड्यावर मोठे दवाखाने आहेत, फोन करून विचारा, प्रायव्हेटपेक्षा खूप कमी खर्चात काम होतं. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, त्या सुमाराला कॅम्पही लागतात.

अर्धा डोस नाही. अजिबात नाही. चिहुआहुआ असो की ग्रेट डेन, लसीची बाटली तीच आणि पूर्ण द्यायची, हे तापाच्या औषधासारखं वजनावर नसतं, अर्धी दिली तर पुरेसं संरक्षण मिळेल याची काही खात्री नाही. पण तुमच्या मनातली भीती चुकीची नाही. दहा किलोच्या आतल्या कुत्र्यांना एकाच दिवशी दोन-तीन इंजेक्शनं दिली की तोंड सुजणं, अंगावर गांधी येणं, उलट्या असा त्रास जास्त दिसतो. त्यावर उपाय डोस कापणं नाही, दिवस वेगळे करणं. कॉम्बो एका दिवशी आणि रेबीज दोन-तीन आठवड्यांनी. आणि बघा, रेबीज सरकारी दवाखान्यात किंवा मोहिमेत करून घेतली तर दिवसही आपोआप वेगळा होतो आणि पैसेही वाचतात. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्याच्या बाहेरच थांबा, लगेच स्कूटर मारून घरी पळू नका. एक-दोन दिवस थोडं सुस्त राहिलं, कमी खाल्लं तर घाबरू नका, पण चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर तसंच उलट पावली डॉक्टरकडे. एवढ्याशा पिल्लाला उपाशीपोटी नेऊ नका, साखर उतरते त्यांची. आणि ताप किंवा जुलाब असतील तर तारीख पुढे ढकला.

आणखी एक, मेडिकलमधून लस आणून घरी टोचायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लस दोन ते आठ डिग्रीत राहावी लागते आणि आपल्याकडे पावसात लाईट किती वेळ जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. गरम झालेली लस टोचली काय आणि पाणी टोचलं काय.

आता पुढच्या वर्षांचा खर्च, जो कुणी सांगत नाही. पिल्लूपणाचे डोस पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या सुमाराला पार्वो-डिस्टेंपरचा अजून एक डोस घ्यायचा, आधीचे लागले नसतील तर हा पकडतो. त्यानंतर ती गाइडलाइन म्हणते की पार्वो-डिस्टेंपर-हिपॅटायटिस तीन वर्षांतून एकदा पुरे, लेप्टो मात्र दरवर्षी हवी, आणि रेबीज आपल्याकडे सहसा दरवर्षीच देतात. आपल्याकडे सवयीने दरवर्षी पूर्ण कॉम्बोच देतात. तुम्ही डॉक्टरांना नम्रपणे विचारा की मधल्या दोन वर्षी फक्त लेप्टो आणि रेबीज देता येईल का, दोन्ही एकाच बाटलीत असलेली लसही मिळते. चांगला डॉक्टर यावर चिडत नाही, माझ्या डॉक्टरांनी तर लगेच कार्डावर तसं लिहून दिलं. अँटिबॉडी टेस्टच्या (लस लागली का ते रक्तातून बघायच्या) भानगडीत पडू नका, तिचा खर्च लसीपेक्षा जास्त होतो.

गोचिडीचं म्हटलं होतं ते असं की आपल्याकडे कितीतरी कुत्रे टिक फिव्हरने (गोचीड चावल्याने येणाऱ्या तापाने) जातात आणि त्याची लस आपल्याकडे मिळत नाही. दमट हवा, गवत, भिंतींच्या भेगा, वर्षभर गोचीड असते. महिन्याचं औषध वजनाप्रमाणे येतं, त्यामुळे दोन किलोवाल्याला सगळ्यात लहान पॅक पुरतं, लहान कुत्रा असल्याचा फायदा तुम्हाला इथे मिळतो. मांजरासाठीचं, मोठ्या कुत्र्यासाठीचं असं कुणाचंही उरलेलं लावू नका. जंताचं औषध स्वस्त आहे, सहा महिन्यांचा होईपर्यंत दर महिन्याला द्या.

केनेल कफ फक्त तेव्हा, जेव्हा तुम्ही त्याला बोर्डिंगमध्ये ठेवून गावाला जाणार असाल किंवा ग्रूमिंगला, डॉग शोला नेणार असाल. ठेवायच्या निदान दोन आठवडे आधी घ्या, आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. बोर्डिंगवाले बाकीचं कार्डही मागतात, तेव्हा प्रत्येक वेळी बाटलीचा स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही तिथल्या तिथे करून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.